या जेवायला

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण रमाबाई रामटेके कधी कुणाच्या आधी जेवली नाही. आधी नवरा, मग पोरगी, मग आलागेला, मग दारातली भांडेवाली. सगळ्यांचं आटोपलं की दुपारी तीनच्या सुमारास पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते घेऊन ही बाई ओट्यापाशी बसायची आणि वर म्हणायची, "मला नाहीतरी खरवडच आवडते." साफ खोटं! खरवड जगात कुणालाच आवडत नाही. पण तेच खोटं एकतीस वर्षं टिकलं की घरातले त्याला आवड समजायला लागतात.

ते जेवण मात्र दणदणीत असायचं. ताटभर भात, वरून वरण, बाजूला खलबत्त्यात कुटलेली जवसाची चटणी, आणि दहा मिनिटांत ताट लख्ख. तेवढ्यात दारात कुणी उभं राहिलं तर घास हातातच थांबायचा. "या जेवायला!" हे तोंडदेखलं नसायचं. आपण म्हणतो आणि समोरचा कधी एकदा 'नको, चालू द्या तुमचं' म्हणतोय याची वाट बघतो, तसलं नाही. रमाबाई ताटच पुढे सरकवायची.

त्याला कारण होतं. सात वर्षांची असताना पवनीजवळच्या तिच्या गावात कुणीतरी तिच्या हातावर एक पुरी ठेवली होती आणि तिनं ती दाराआड उभं राहून एकटीनं खाल्ली. धाकटा भाऊ समोरून बघत होता. आई भाताच्या रोवणीवरून चिखलाच्या पायांनी परत आली, तिनं ते पाहिलं आणि अशी एक थोबाडीत दिली की रमाच्या कानात दिवसभर घूं घूं होत राहिलं. "भुकेल्याच्या तोंडासमोर खातेस? माणूस आहेस का कोण?" आई स्वतः लहानपणी दुसऱ्यांच्या अंगणाबाहेर बसून त्यांच्या पंगती बघत मोठी झालेली. तिच्या हाताला तेवढा जोर कुठून आला ते रमाला मोठेपणी कळलं. तेव्हापासून समोर कुणी असताना एकटीनं घास गिळणं तिला जमलंच नाही.

आणि नेमक्या याच बाईचं जठर फेब्रुवारी महिन्यात काढलं.

अर्धं नाही, पाऊण नाही, सगळं. कर्करोग होता. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात साडेपाच तास ऑपरेशन चाललं. नवरा यशवंत तिथल्याच एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, घर जवळच फरीदाबादला. आयुष्यभर फायलींवर टिपणं लिहिलेला माणूस, तो डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढलेलं चित्र दोन्ही हातांनी धरून बसला होता. अन्ननळी थेट आतड्याला जोडलेली, मधली पिशवी गायब. "अब पेट नहीं है, सिर्फ़ रास्ता है," असं डॉक्टर ममता म्हणाल्या होत्या. तरुण बाई, बोलणं घाईचं, पण दर पेशंटला हात लावून बोलणारी.

पिशवी नाही म्हणजे साठवण नाही. तेव्हा दिवसातून सात वेळा खायचं, दर वेळी एक छोटी वाटी. घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. अंडं, मासा, पनीर, घट्ट वरण आधी, भात नंतर. आणि गोड पातळ पदार्थ तर मुळीच नाही, कारण ते थांबायला जागाच नाही, धाडकन आतड्यात उतरतं आणि माणसाला लोळवतं.

मुलगी ऋचा गुडगावला नोकरीला, पीजीमध्ये राहते, शनिवारी येते. तिनं सगळा तक्ता करून फ्रिजवर लावला. दिल्लीकडे वाढलेली पोरगी, तिचा तक्ता म्हणजे नुसती खिचडी. 'सात बजे – एक अंडा, साडेनऊ – दलिया.'

"दलिया कशाला, मी ज्वारीच्या कण्या करते," रमाबाई म्हणाली.

"कण्या म्हणजे काय यार, आई?"

"राहू दे. दलियाच लिही."

यशवंतनं दोघांच्याही फोनवर सात अलार्म लावले. ऑफिसातून तो दर अलार्मला फोन करायचा. मेट्रोत असला तरी, मीटिंगमध्ये असला तर बाहेर येऊन. "खाल्लंस?"

"हो."

"सगळं?"

"हो हो, सगळं."

आणि वजन? वजन काही वर जाईना. ऑपरेशनआधी छप्पन्न होतं, एप्रिलमध्ये एकोणचाळीस. डॉक्टर ममतांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढची औषधं, म्हणजे केमो, सुरू करायची तर वजन निदान चाळीस हवं. त्याखाली शरीराला ते झेपणार नाही. आणि फार थांबलं तर मागे राहिलेलं दुखणं थांबत नसतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख दिली होती. एक किलो! भाजीवाला एका पिशवीत टाकतो तेवढ्या कांद्यांचं वजन. त्या एका किलोवर घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

यशवंत चक्रावून गेला. बाई सगळं खाते म्हणते, मग जातं कुठं?

जातं कुठं ते मी सांगते. समोर बसायच्या त्या सासूबाई. ठकूबाई, ऐंशीच्या पुढे, भंडाऱ्याहून धाकट्या मुलाकडून खास सुनेची सेवा करायला आलेली. मनानं सोन्यासारखी म्हातारी, पण सुनेसमोरून उठायची नाही. सकाळी सातचा अलार्म वाजला की रमाबाई वाटीत अंडं घेऊन बसायची आणि समोर ही चहासुद्धा न घेतलेली, टक लावून. रमाबाईचा चमचा वाटीतच थांबायचा.

"आत्याबाई, या न. अर्धं घ्या."

"मले कायले वो? तू खा. तुले ताकद पायजे."

"तुम्ही नाही घेतलं तर मला जाणार नाही."

मग म्हातारी सुनेचं मन मोडू नये म्हणून अर्धं अंडं घ्यायची. साडेनऊला भांडेवाली असायची, तिला बशीत दलिया. बाराला शेजारची कुणी तब्येतीला बघायला यायची, तिला पनीर. सगळ्या जणी बिचाऱ्या संकोचानंच घ्यायच्या, पेशंटला बरं वाटावं म्हणून. असं करत करत फरीदाबादच्या त्या दोन खोल्यांतून रमाबाईचं एक किलो थोडंथोडं बाहेर जात होतं. आणि फोनवर "हो हो, सगळं." खोटं बोलायची तिला सवय होतीच, खरवडीपासूनची. जित्याची खोड म्हणतात ती हीच, आणि त्या म्हणीचा उरलेला अर्धा भाग मला इथं उच्चारायचा नाही.

तिला कळत नव्हतं असं समजू नका. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहिली की तिला स्वतःचा संताप यायचा. मरायला टेकलीस तरी तुझं 'या न' सुटत नाही, असं ती आरशातल्या गालफडं बसलेल्या बाईला म्हणायची. मग सातचा अलार्म वाजायचा आणि समोर ठकूबाई येऊन बसायची.

तरी ऋचा सुट्टी काढून चार दिवस घरी राहिली, स्वतः भरवून गेली, म्हणून बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी काटा एकोणचाळीस किलो सहाशे दाखवत होता. चारशे ग्रॅम कमी, आणि हातात चार दिवस.

फरीदाबादला मराठी बौद्ध घरं तीसेक. गच्चीवरच्या एका हॉलमध्ये त्यांनी विहार केलंय, आणि त्या विहाराच्या स्वयंपाकाची सूत्रं अठरा वर्षं रमाबाईच्या हातात. पौर्णिमेची खीर तिचीच. वीस लिटर दूध आटवायचं, हाताशी दोन बायका, आणि वाढताना हिचा आवाज जिन्यापर्यंत: "घ्या अजून! लाजता काय? वाटी पुढे करा!" माणसं नको नको म्हणेपर्यंत ही वाढायची, आणि नको म्हटल्यावर अजून एक पळी.

या वर्षी ती पाहुणीसारखी भिंतीला टेकून खुर्चीत बसली. पांढरी साडी अंगावर दोन वेळा गुंडाळल्यासारखी. वंदना झाली, पंचशील झालं. मग खिरीचं पातेलं आलं आणि ठकूबाई उठून उभी राहिली.

ठकूबाई बारा वर्षांची असताना बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. तिला धम्म पुस्तकातून आला नाही, गोष्टींतून आला. त्यातली सुजाताची गोष्ट तिची सगळ्यांत लाडकी. सगळ्यांसमोर तिनं हात वर केला. "सिद्धार्थाचं पोट पाठीले लागलं होतं. हाडं मोजून घ्या, असे झाले होते. तवा सुजातानं खीर देल्ली, अन् ते उठून बसले. आज पयली वाटी माह्या सुनेले द्या. ते उठन, पाहाजा."

सगळा हॉल गहिवरला. सुखदाताई, या वर्षी खिरीची जबाबदारी घेतलेली शिक्षिका, डोळे पुसत वाटी घेऊन आली. काठोकाठ भरलेली, वर काजू. साठ-सत्तर माणसं रमाबाईकडे बघत होती. यशवंत मागे पुरुषांत बसला होता. तो अर्धवट उठला, "अहो, तिला गोड..." असं काहीतरी म्हणाला, पण त्याचा आवाज कधी मोठा नव्हताच.

रमाबाईला नाही म्हणता आलं असतं? अठरा वर्षं लोकांना 'लाजता काय' म्हणणाऱ्या बाईला? नाही म्हणावं तर म्हाताऱ्या सासूचा शब्द सगळ्यांसमोर पडतो, सुखदाचा हात तसाच राहतो. आणि आणखी एक. हे तिनं नंतर कुणालाही सांगितलं नाही. तिला ती खीर हवी होती. दूध, साखर, तांदूळ. याने वजन वाढणार नाही तर कशाने? चारशे ग्रॅम! तीन महिने ती वाटीवाटीनं नियम पाळत होती, निदान पाळल्यासारखं करत होती. आज एक वाटी, आणि पैलतीर. असं वाटून तिनं वाटी तोंडाला लावली आणि आठ-दहा घोटांत संपवली. टाळ्या वाजल्या.

पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग छाती धडधडायला लागली. अंगाला दरदरून घाम सुटला, पांढरी साडी पाठीला चिकटली. पोटात कुणी हात घालून पिळतंय असं झालं. ती कशीबशी बाथरूमपर्यंत पोचली आणि तिथं फरशीवर बसली. कपाळ भिंतीला लावून, दात आवळून, कारण बाहेर पंगत चालू होती आणि पंगत तिच्यामुळे मोडायला नको होती. आता बोला! जीव चाललाय आणि बाईला पंगतीची काळजी. यशवंतनं दार ठोठावलं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही, चालू द्या तुमचं."

पुढचे दोन दिवस पोट जुलाबानं धुऊन निघालं. ठकूबाई कोपऱ्यात बसून होती. एकदाच म्हणाली, "म्या केलं वो हे." रमाबाईनं तिचा हात धरला, पण सांत्वन करायलाही अंगात जोर नव्हता. गुरुवारी पहाटे काट्यावर एकोणचाळीस दोनशे.

यशवंत आंघोळीला गेला होता. रमाबाई ओट्याशी गेली. लोखंडी खलबत्ता तिच्या माहेरचा, आईनं दिलेला. त्यातला बत्ता तिनं भाजीच्या काट्यावर ठेवला. आठशे सत्तर ग्रॅम. तिनं ऋचाच्या जुन्या ओढणीत तो गुंडाळला, परकराच्या आत कमरेला करकचून बांधला आणि वरून साडी नेसली. तो थंडगार लोखंडाचा तुकडा टाक्यांच्या जागेवर टोचत होता. बायका सैल ब्लाउज घालतात, पदर मोठा घेतात, कुणाला काय दिसणार? तिनं पुन्हा काट्यावर उभं राहून बघितलं. चाळीस शून्य सात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लाज वाटली की सुटल्यासारखं वाटलं, तेही तिला कळेना.

ठकूबाई हट्टानं बरोबर आली. मेट्रोनं, मग ऑटोनं. इस्पितळाच्या त्या लांब बोळात बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. कुणी पलवलचं, कुणी बिहारचं, कुणी तपासणीसाठी सकाळपासून उपाशी. म्हातारीला बाकावर जागा मिळाली, डबा तिच्या मांडीवर. रमाबाई आणि यशवंत आत गेले.

नर्सनं काट्यावर उभं केलं. "चालीस."

यशवंतनं अक्षरशः हात जोडले. डॉक्टर ममता हसल्या. "वाह अम्मा! मुझे तो डर था। कैसे किया?"

"खाया," रमाबाई म्हणाली. एक शब्द, आणि तोही खोटा.

डॉक्टरांनी कागद ओढला, कॅल्क्युलेटर घेतला. लिहिता लिहिता यशवंतला समजावत होत्या. औषधाचं माप उंची आणि वजनावरून काढतात. इतक्या अशक्त शरीरात थोडं जास्त गेलं तरी रक्तातल्या पेशी झपाट्यानं उतरतात, ताप येतो, माणूस हातचा जातो. म्हणून शंभर-दोनशे ग्रॅमचाही विचार करावा लागतो.

रमाबाईचं हिंदी तेवढं चांगलं होतं. आणि माप म्हणजे काय ते तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला कळत होतं? शंभर माणसं म्हणून सांगितलं आणि ऐंशीच आली, तर मीठ शंभरांचं पडलेलं असतं, मग काही केलं तरी ते काढता येत नाही. कमरेचा बत्ता एकदम जड झाला. तिनं यशवंतकडे बघितलं. तो हसत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले होते.

ती पाठ फिरवून उभी राहिली, साडीत हात घातला, ओढणीची गाठ सोडली. आणि बत्ता टेबलावर ठेवला.

टक्क आवाज झाला. नर्स बघत राहिली, डॉक्टरांचा पेन थांबला.

"हे काय आहे रमा?" यशवंत म्हणाला. त्याला तो बत्ता चांगला माहीत होता. जेवणाच्या आधी रोज त्याचा आवाज ऐकलेला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. मराठीत, कारण हे हिंदीत सांगता येणार नव्हतं. "वजनाचंही आणि रोज फोनवरही. मी खात नव्हते. समोर माणूस असलं की मला एकटीला खाता येत नाही हो. आत्याबाईंना देते, बाईला देते. मला मरायचं नाहीये. पण माझा हात माझ्या तोंडाकडे जातच नाही, दुसऱ्याकडेच जातो." आणि ती रडली. दिसायला हातभर बाई, पण रडणं मोठं.

यशवंतनं बत्ता उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग अडखळत अडखळत त्यानंच ते सगळं डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. स्वतःच्या बायकोबद्दलचं टिपण त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तयार केलं असेल.

लिहिलेला कागद डॉक्टर ममतांनी फाडला. "अम्मा, दो हफ़्ते। इससे ज़्यादा मैं नहीं रुक सकती, और बीमारी तो बिल्कुल नहीं रुकेगी। दो हफ़्ते बाद फिर वज़न करेंगे।" मग रमाबाईच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "यह आपको अकेले ही खाना पड़ेगा।"

बाहेर आले तेव्हा अलार्म वाजला. बारा. पलीकडे यशवंतच्या खिशातही वाजला.

ठकूबाईनं सरकून जागा केली आणि डबा पुढे केला. उकडलेलं अंडं कुस्करून मऊ भातात कालवलेलं. म्हातारी सकाळपासून उपाशी होती, कारण सून उपाशी निघाली होती. शेजारच्या बाकावरची एक बाई नाकात नळी घातलेल्या माणसाला पदरानं वारा घालत होती. तिची नजर डब्यावर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. समोर भिंतीला टेकून बसलेला म्हातारा मात्र सरळ बघत होता.

रमाबाईनं झाकण काढलं. अंड्याचा वास सुटला. जिभेवर शब्द आलेलेच होते, पन्नास वर्षं रोज येत होते तसे. कानात ती थोबाडीत पुन्हा घूं घूं करायला लागली. चमचा आपोआप ठकूबाईच्या दिशेनं वळला. म्हातारीनं तो पाहिला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

चमचा अर्ध्यावर थांबला. मग रमाबाईनं तो वळवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

ती चावत राहिली. एक, दोन, तीन. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती मोजत होती. तीस झाले की गिळायची. मग पुढचा घास. कुणाकडे बघितलं नाही असं नाही, सगळ्यांकडे बघितलं. म्हाताऱ्याकडे, वारा घालणाऱ्या बाईकडे, भुकेल्या सासूकडे. बघत बघत खाल्लं. मधे एकदा तिच्या तोंडून "आई" असं निघालं. ठकूबाईला वाटलं आपल्याला हाक मारली, म्हणून ती "काय वो?" म्हणाली. रमाबाईनं मान हलवली आणि पुढचा घास घेतला.

डबा रिकामा झाला तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. तिनं कुणालाही बोलावलं नव्हतं.